क्रुशल १६ जीबी डीडीआर४ लॅपटॉप रॅम: एक स्टार द्यायला बसले होते

आधीच कबूल करते, रॅम बसवली त्याच रात्री मी एक स्टारचा रिव्ह्यू टाइप करून ठेवला होता. "बॉक्सवर स्पीड ३२०० लिहून पैसे घेतले आणि चालतेय २४००वर, चक्क फसवणूक, कोणी घेऊ नका!!" असा. सबमिट करायच्या आधी भाच्याला स्क्रीनशॉट पाठवायची बुद्धी झाली म्हणून वाचले, नाहीतर आज माझंच हसं झालं असतं. आता दोन महिने रोज वापरून परत लिहायला बसलेय.

माझं मशीन म्हणजे लेनोवो थिंकपॅड टी४८०, आठव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर, रिफर्बिश्ड घेतलेला. मी डोंबिवलीत घरूनच अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्नची कामं करते. त्यामुळे दिवसभर टॅली उघडं, दोन-तीन मोठ्या एक्सेल शीट, क्रोममध्ये पोर्टल, बँकेची स्टेटमेंट, आणि व्हॉट्सॅप वेब, कारण कितीही सांगा मेल करा मेल करा, क्लायंट बिलाचे फोटो तिथेच टाकणार आणि तेही आडवे. हे सगळं ८ जीबीमध्ये विंडोज १०वर रडतखडत का होईना चालत होतं. मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, लोकांचे पॅनकार्ड आणि बँकेचे पेपर माझ्याकडे असतात म्हणून म्हटलं रिस्क नको, विंडोज ११ टाकलं, आणि तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. एक्सेलमधून क्रोमवर गेलं की पाच-सात सेकंद नुसतं पांढरं पान, परत एक्सेलवर आलं की "नॉट रिस्पाँडिंग". चहा ठेवून यायचे तेवढ्यात.

नवरा म्हणाला नवीन घे, ईएमआयवर मिळतो. भाचा (नणंदेचा मुलगा, ऐरोलीला आयटी सपोर्टमध्ये आहे) म्हणाला, "मामी, थांब, आधी टास्क मॅनेजर उघड." आणि खरं सांगते हा सगळ्यात कामाचा सल्ला होता, कारण लॅपटॉप स्लो झाला की जो तो रॅम वाढव म्हणतो पण कमी काय पडतंय ते कोणी बघत नाही. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं तर नेहमीचं काम उघडं असताना ९१ टक्के, आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख सारखा वर. म्हणजे रॅममध्ये जागा नाही म्हणून विंडोज बिचारं सामान उचलून एसएसडीवर (म्हणजे डिस्कवर) ठेवतंय, परत लागलं की परत आणतंय, माझी पाच सेकंद तिथे जात होती. तुमचं मेमरी ५०-६० टक्क्यांवर असेल आणि तरी स्लो वाटत असेल तर रॅम घेऊन काही होणार नाही, दुसरं काहीतरी असेल, किंवा अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी ती बदला.

त्याच पानावर खाली "स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २" असं दिसलं. एक जागा रिकामी! आणि फॉर्म फॅक्टरसमोर सोडिम लिहिलेलं, म्हणजे काढता-घालता येणारी लॅपटॉपची रॅम. तिथे "रो ऑफ चिप्स" लिहिलेलं असलं तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती निघत नाही. माझ्या बहिणीने असा नाजूक पातळ लॅपटॉप घेतलाय, एका हाताने उचलता येतो म्हणून कौतुक करायची, आता ८ जीबीत अडकलीय जन्मभर, एक्स्ट्रा स्लॉटपण नाहीये त्याला. माझा हा जाडजूड काळा ठोकळा त्यापेक्षा बरा.

आता खरेदी. ऑनलाइन बघितलं तर विक्रेत्यांची नावं कधी ऐकलेली नाहीत, आणि भाव रोज वेगळा. म्हटलं मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, समोर बघूनच घेऊ, २९ नोव्हेंबरचा शनिवार होता (रविवारी तिकडे बहुतेक शटर खाली असतात), डोंबिवलीहून दादर, दादरला पुलावरची ती धक्काबुक्की करून वेस्टर्नची स्लो पकडली आणि ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण रॅम घ्यायला आलेला एक माणूस ते नाव घेणार नाही.

पहिल्या दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याने काउंटरखालून रॅमची एक स्टिक (पट्टी) काढली, बॉक्स नाही, सील नाही, नुसत्या पारदर्शक पिशवीत. "मॅडम, सेम चीज है, कंपनी का निकला हुआ है, बिठा के देता हूँ, एक साल की मेरी गॅरंटी." म्हणजे कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेली. आता काढलेली रॅम वाईटच असते असं नाही, भाचाच म्हणतो रॅम सहसा लवकर खराब होत नाही, पण मग जुन्याचा भाव लाव की! नव्याच्या किमतीत फक्त शंभर रुपये कमी करत होता. वर सोनेरी पिनांवर ओरखडेसुद्धा दिसत होते. बिल मागितलं तर "बिल में जीएसटी लगेगा". मला सांगतोय! मी निघाले.

तीन-चार दुकानं सोडून पुढे एका वयस्कर काकांचं दुकान, तिथे त्यांनी आधी लॅपटॉपचं मॉडेल विचारलं, आत किती आहे विचारलं, मग सीलबंद पॅक ठेवला आणि स्वतःच म्हणाले पार्ट नंबर जुळवून बघा. पॅकवर आणि आतल्या स्टिकच्या स्टिकरवर एकच, सीटी१६जी४एसएफआरए३२ए. पक्कं बिल दिलं. मी विचारलं ८ची घेऊ का, म्हणजे जोडी होईल, ते म्हणाले, "ताई, तुमचं काम एक्सेलचं आहे, गेम नाही खेळायचाय, १६ टाका, एकूण २४ होतील, परत पाच वर्षं बघू नका." भाव ऐकून मात्र पोटात गोळा आला. उन्हाळ्यात हीच स्टिक मी कार्टमध्ये टाकून "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ठेवली होती, तिचा भाव आता दुपटीच्या वर. आकडा मुद्दाम लिहीत नाही कारण तुम्ही वाचेपर्यंत तो राहिलेला नसेल.

बसवून देतो म्हणत होते पण लॅपटॉप घरी होता, लोकलच्या गर्दीत कोण नेणार. मग रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर जुना टॉवेल पसरून, भाचा व्हिडिओ कॉलवर, असा कार्यक्रम. थिंकपॅडवाल्यांनी हे लक्षात ठेवा, टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात, बाहेरची काढली तरी आत एक असते. म्हणून आधी चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जायचं, कॉन्फिग, पॉवर, आणि तिथे "डिसेबल बिल्ट-इन बॅटरी" करायचं, मशीन आपोआप बंद पडतं आणि परत चार्जर लावेपर्यंत आत करंट नसतो. हे न करता लोक सरळ उघडतात म्हणे. खालच्या कव्हरचे स्क्रू सैल होतात पण कव्हरलाच अडकून राहतात, हरवत नाहीत, ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याचं भलं होवो. कडेचे क्लिप मी जुन्या एटीएम कार्डाने सोडवले, आवाज असा येतो की काहीतरी मोडलं, पण मोडत नाही. भाच्याने स्टिकला हात लावायच्या आधी नळाला हात लावून यायला सांगितलं, अंगातली स्टॅटिक जावी म्हणून. स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावून आले, नवरा म्हणाला नमस्कारपण कर.

स्टिकला खाली एक खाच असते, ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवायची, त्यामुळे उलटी बसतच नाही आणि आधीच्या पिढीची डीडीआर३ चुकून आणली तर तीही बसत नाही. तिरकी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची की दोन्ही बाजूचे क्लिप टक करून लागतात. मी घाबरत घाबरत दाबली, एका बाजूला टक झालं, म्हटलं झालं. कव्हर लावलं, चालू केलं, स्क्रीन काळी. एक मिनिट झालं तरी काळी. सोमवारी दोन रिटर्न द्यायची होती, माझे हातपाय गार. भाचा शांत, "मामी, परत उघड, सोनेरी पट्टी दिसतेय का बाहेर?" दिसत होती, एका बाजूने चांगली दोन मिलिमीटर. नीट जोर लावून आत ढकलली, यावेळी दोन्ही टक. तरी चालू केल्यावर थोडा वेळ काळीच राहिली, मशीन पहिल्यांदा नवीन रॅम ओळखायला वेळ घेतं, तेव्हा लगेच पॉवर बटण दाबू नका. मग लेनोवोचं नाव आलं आणि मी श्वास सोडला.

आणि आता ते २४०० प्रकरण. टास्क मॅनेजरमध्ये २४ जीबी आले पण स्पीडसमोर २४००. माझं डोकंच फिरलं. भाच्याने समजावलं ते असं की ३२०० ही स्टिकची कमाल मर्यादा आहे, पण रॅम चालवतो प्रोसेसर, आणि ह्या आठव्या पिढीच्या आय५ची मजल डीडीआर४मध्ये २४००पर्यंतच. शिवाय आत जी जुनी ८ची आहे तीही २४००ची, आणि दोन वेगवेगळ्या असल्या की दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात. म्हणजे जुनी काढून टाकली असती तरी ३२०० दिसलं नसतं. "मग मला २४००ची का नाही दिली?" तर दुकानात नवीन सीलबंद मिळते ती बहुतेक ३२००चीच, ती खाली उतरून चालते, आणि किंमतही त्याने जास्त लागत नाही. बरं उलट फायदा असा झाला की आधी एकच स्टिक होती तेव्हा एकाच रस्त्याने माल (म्हणजे डेटा) जात होता, सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी, आता दोन स्लॉट भरल्यावर दोन रस्ते झाले, ३८.४. पूर्ण २४ला नाही, जुन्या ८ची जोडी नव्यातल्या ८शी जुळते तेवढ्या १६ जीबीला, उरलेले ८ एकाच रस्त्याने. ह्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, तो स्क्रीनसाठीही हीच रॅम वापरतो, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर जोडून मोठी शीट स्क्रोल केली की फरक कळतो. मी ऐकून घेतलं आणि टाइप केलेला रिव्ह्यू गुपचूप डिलीट केला.

रात्रभर विंडोजची मेमरी टेस्ट लावून झोपले, सकाळी एकही एरर नाही. दोन महिन्यांत एकदाही विंडोज कोसळून निळी स्क्रीन आली नाही. तेच सगळं काम उघडलं की आता २४ पैकी ११-१२ जीबी वापर दिसतो, डिस्कचा आलेख जवळजवळ सपाट, आणि एक्सेलवरून क्रोमवर उडी मारली की पान तिथेच असतं, जसं सोडलं तसं. हे सुख ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. पण चालू व्हायला लागणारा वेळ तेवढाच आहे, बॅटरीही तेवढीच, टॅलीचा रिपोर्टही आधीइतक्याच वेळात येतो. आणि २० तारखेला जीएसटी पोर्टल गोल गोल फिरतं ते फिरतंच, त्याला रॅम कोण टाकणार.

आता गंमत बघा. मी शनिवारी घेतली आणि पुढच्या बुधवारी, ३ डिसेंबरला, भाच्याचा मेसेज, "मामी, तुझा पायगुण! क्रुशल बंद." मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड ते बंद करणार, माल फेब्रुवारी २०२६पर्यंत पाठवणार. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींनाही आता एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना माल विकण्यात जास्त पैसा दिसतोय, म्हणून आपल्यासारख्यांच्या वाट्याची रॅम कमी आणि महाग. मी उन्हाळ्यात "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं त्याची ही शिक्षा. पॅकवर लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी लिहिलीय, ती पुढेही देऊ असं कंपनीने सांगितलंय, मी बिलाचा फोटो काढून ठेवलाय (तीन ठिकाणी, धंद्याची सवय) आणि रिकामा पॅकसुद्धा कपाटात.

चार स्टार. पाचवा कापला तो पॅकवर ३२०० एवढं मोठं छापून "तुमच्या मशीनच्या मर्यादेप्रमाणे चालेल" हे एक वाक्य ठळक न लिहिल्याबद्दल. भाचा म्हणतो हा स्टार कापणं अन्याय आहे. असू दे. तो आता जुनी ८ची काढून तिथेही १६ची टाक म्हणून मागे लागलाय, म्हणजे ३२ होतील आणि जोडीपण पूर्ण होईल, आणि मलाही अधूनमधून मोह होतो, मग मी आजचा भाव उघडून बघते आणि लॅपटॉप आहे तसा छान वाटायला लागतो.