अर्ध्या बॅरलची बंट-बॅट: हात बसतो, पण बंट कधी?

बेसबॉलमध्ये बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसती टेकवून तो जवळच टाकणं. बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, उभी चिरून एक बाजू सपाट केलेली ही बंटच्या सरावाची बॅट. सपाट बाजू पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) धरायची. मनगट जरा वळलं की चेंडू कडेला लागून भलतीकडे उडतो, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. गोल बॅरलवर हीच चूक पुष्कळदा खपून जाते. एवढ्या एका कामासाठी बॅट झकास आहे.

खोट वजनात आहे. अर्धी बॅरल हलकी, त्यामुळे नेहमीची बॅट हाती घेतली की टोक खाली झुकतं आणि चेंडू हवेत चढून सोपा कॅच जातो. म्हणून सरावातले शेवटचे दहा-बारा चेंडू खऱ्या बॅटनेच खेळावेत. टोक मुठीपेक्षा वर आणि बॅट स्ट्राइक झोनच्या (योग्य चेंडू ज्या पट्ट्यातून जायला हवा त्याच्या) वरच्या कडेला ठेवायची; चेंडू खाली आला तर गुडघे वाकवायचे, हात नाही. वरच्या हाताची बोटं बॅरलच्या मागे हवीत. या बॅटवर आडोसा कमी असल्याने बोटं कडेवरून पुढे आली तर चेचतात, तेव्हा सुरुवात मऊ चेंडूने करावी. ड्रॅग बंटसाठी (पळत सुटतानाच केलेल्या बंटसाठी) मात्र तिचा उपयोग नाही. तिथे पाय आधी निघतात.

दिशेचा सरावही हिच्यावर चांगला होतो. रनर फक्त फर्स्ट बेसवर असेल तर चेंडू फर्स्टच्या बाजूला मारावा, कारण रनरला रोखायला फर्स्ट बेसमन बेसला चिकटून असतो. फर्स्ट आणि सेकंड दोन्ही भरलेले असतील तर थर्डकडे, म्हणजे थर्ड बेसमनला बेस सोडून पुढे यावं लागतं.

पण हात बसला म्हणून ऊठसूट बंट करायचा नसतो. मेजर लीगमध्ये एकही आउट नसताना फर्स्टवर रनर असला की त्या इनिंगमध्ये सरासरी ०.९च्या आसपास रन होतात. बंटने एक आउट देऊन त्याला सेकंडवर नेलं (याला सॅक्रिफाइस म्हणतात) की ०.७च्या आसपास. म्हणजे चांगल्या बॅटरकडून तिसऱ्या इनिंगमध्ये सॅक्रिफाइस करवणं हा निव्वळ तोटा. एकच रन पुरेशी असेल तेव्हा हिशेब फिरतो: शून्य आउट आणि सेकंडवर रनर असेल तर त्याला थर्डवर नेल्याने किमान एक रन होण्याची शक्यता किंचित वाढते. मेजर लीगच्या नियमित हंगामात जादा इनिंगमध्ये सेकंडवर आयता रनर मिळतो. पाहुण्या संघाला दहाव्यात, म्हणजे पहिल्या जादा इनिंगमध्ये, रन झाली नसेल, तर नंतर खेळणाऱ्या यजमानांनी कमकुवत बॅटरकडून बंट करवणं शहाणपणाचं. पाहुण्यांना मात्र किती रन पुरतील हे ठाऊक नसतं, त्यांनी बॅट फिरवावी. दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल (रेषेबाहेर गेलेला) बंट म्हणजे थेट स्ट्राइकआउट, बॅटर बाद, त्यामुळे जे करायचं ते आधीच.

शाळा-कॉलेजच्या संघाने एक बॅट घ्यावी, सगळ्यांत फिरवावी. प्रत्येक खेळाडूने वेगळी घेण्याइतकं काम तिला नाही.