मोटरहोममागे कार ओढायची तर टो-बार, डॉली की ट्रेलर? डिझेलच्या हिशेबाने

मोटरहोममागे (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे) कार जोडली की ॲव्हरेज पार कोसळेल, अशी धास्ती बहुतेकांना असते. प्रत्यक्षात फटका त्यामानाने बराच कमी बसतो, आणि तो कुठल्या साधनाने कार ओढता यावर ठरतो.

दहा टनांची डिझेल मोटरहोम ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला साधारण ३.५ ते ४ किलोमीटर प्रतिलिटर देते. चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो-बारने (कार मोटरहोमला जोडणाऱ्या दांड्याने) ओढलेली दीड टनाची कार सपाट रस्त्यावर सुमारे १५० न्यूटनची ओढ लावते. दर १०० किलोमीटरला एक ते सव्वा लिटर डिझेल जादा, म्हणजे चार-पाच टक्के. वाऱ्याचा वेगळा भार फारसा येत नाही, कारण कार मोटरहोमच्या आडोशाला असते. आठेक चौरस मीटरचं तोंड घेऊन वारा कापायला मोटरहोमलाच दोन हजार न्यूटनपेक्षा जास्त जोर लागतो; त्यापुढे कारचे दीडशे किरकोळ आहेत. तीच कार दुसऱ्या कोणी मागून चालवत आणली, तर १०० किलोमीटरला सहा-सात लिटर पेट्रोल सहज जातं.

इंधनाच्या बाबतीत टो-बारला तोड नाही. बेसप्लेट (बार जोडण्यासाठी कारच्या पुढच्या बाजूला बसवलेला सांगाडा), बार, सेफ्टी केबल, दिव्यांची वायरिंग आणि पूरक ब्रेक (मोटरहोमबरोबर कारचंही ब्रेक पेडल दाबणारं उपकरण) एवढाच संच. वाढणारं वजन नगण्य. डॉली म्हणजे छोटी दोनचाकी गाडी; तिच्यावर कारची पुढची दोन चाकं उचललेली असतात, डॉलीचं स्वतःचं वजन दोनशे ते साडेतीनशे किलो. डॉलीच्या टायरचा खर्च आणि मुक्कामी ती ठेवायला लागणारी जागा वेगळी. चारचाकी ट्रेलरवर अख्खी कार चढवलेली असते, आणि तो स्वतः सातशे ते हजार किलोचा. सपाट रस्त्यावर ट्रेलर फार जाणवत नाही, घाटात मात्र जाणवतो: ५०० मीटरच्या चढाला टो-बारवरची कार साधारण ०.६ लिटर खाते, ट्रेलरसकट तीच कार जवळपास एक लिटर. उतारावर यातलं थोडंफार परत मिळतं, पण ब्रेक दाबून उतरलात तर तेही उष्णतेत जातं. म्हणून उतारावर इंजिन ब्रेक किंवा खालचा गिअर, आणि चढावर टो-हॉल मोड (भार ओढताना वापरायची गिअरबॉक्सची सेटिंग). हा मोड नसेल तर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करावा, नाहीतर गिअरबॉक्स वरच्या-खालच्या गिअरमध्ये झुलत राहतो, तेल तापतं आणि डिझेलही जळतं.

टो-बारची एक अट मात्र कडक आहे. कारच्या मालक-पुस्तिकेत चारही चाकांवर ओढायला परवानगी हवी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप बहुधा इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे आतले भाग कोरडे घासतात. बहुतेक सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गाड्या याच कारणाने बाद. मॅन्युअल गाड्या न्यूट्रलमध्ये बऱ्याचदा चालतात, पण तिथेही पुस्तिका पाहावीच. परवानगी नसेल आणि कार फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनचा जोर फक्त पुढच्या चाकांना) असेल तर डॉली हा प्रामाणिक पर्याय. ऑल-व्हील ड्राइव्हला (जोर चारही चाकांना) ट्रेलरच. तिथे डिझेल वाचवायला जाऊन गिअरबॉक्स घालवू नये.

ॲव्हरेज अचानक पंधरा-वीस टक्क्यांनी पडलं तर दोष कारच्या वजनाचा नसतो, बहुतेक वेळा ब्रेक घासत असतो. पूरक ब्रेकचा दांडा पेडलवर बसवताना किंचित दाबलेला राहिला की कार पूर्ण वेळ अर्धवट ब्रेकवर ओढली जाते. तपासणी सोपी आहे. दहा-पंधरा किलोमीटर सपाट चालवून, जोरात ब्रेक न दाबता हळूच थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. चारही तापलेल्या असतील तर पेडलवरचा दांडा पाहा. फक्त मागच्या दोन तापल्या तर हँडब्रेक. एकच रिम तापली तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलाय. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. स्टीअरिंगचं लॉक सोडायचं राहिलं तर वळणावर पुढचे टायर आडवे घासतात, आणि तासाभरात त्यांचा रबर उडालेला दिसतो. कारच्या टायरमधली हवाही पूर्ण हवी. मागे टायर बसला तरी मोटरहोमच्या सीटवर कळत नाही, म्हणून प्रेशर सेन्सर लावून घ्यावेत.

जोडताना बार जमिनीला समांतर हवा. उंचीत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ड्रॉप हिच (जोडणीची उंची जुळवणारा तुकडा) घालावा. आणि टो-बारवर रिव्हर्स घ्यायचा नाही. पुढची चाकं मनाला येईल तशी वळतात आणि बार वाकतो. मागे यायचं असेल तर कार सोडावी.

ज्यांना कारचा भार भरूनच काढायचा आहे, त्यांनी वेग १०० वरून ९० वर आणावा. वाऱ्याचा विरोध १९ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे सुमारे चारशे न्यूटन. कार ओढायला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त.

फरक मोजायचा तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. त्याच पंपाच्या त्याच नळीवर टाकी फुल्ल, तोच रस्ता जाऊन-येऊन, क्रूझ कंट्रोल एकाच वेगावर, एकदा कारसह आणि एकदा कारशिवाय. समोरचा वारा एकट्याने पाच टक्क्यांचा फरक गिळून टाकतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी घेतलेला आकडा वहीत लिहू नये.