ग्रीस ट्रॅपच्या नावाखाली ३२,८५० रुपये घेऊन गेले, हॉटेल-खानावळवाल्यांनी वाचा

लिहू का नको करत महिना गेला, लाज वाटत होती. पण आता लिहितोय. ग्रीस ट्रॅप म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल गटारीत जायच्या आधी अडवणारी टाकी.

बेळगावपासून तासाभरावर आमचं गाव, तिथं माझी मटणाची खानावळ आहे, बायको आणि मी दोघं मिळून चालवतोय. मटण म्हटलं की तर्रीचं तेल मोरीतून यूजीडीच्या (जमिनीखालच्या गटारीच्या) लाईनीत जाणारच, आणि थंड झालं की ते पाईपला आतून मेणासारखं धरतंय. या पावसाळ्यात गल्लीतलं चेंबर दोनदा तुंबलं, शेजारी दारात येऊन ओरडले. म्हणजे भीती माझ्या मनात आधीच होती, फसवणाऱ्यानं नेमकी तीच धरली.

ऐन जेवणाच्या गर्दीत दोघं आले. गळ्यात आयडी, हातात शिक्का मारलेली कन्नड नोटीस. "मालक, गटारीत ऑईल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमच चालतंय, बीओडी ३५०, तुमचं कनेक्शन सील करायची ऑर्डर आहे." (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप.) हे आकडे खोटे नव्हते हो! १९८६ च्या पर्यावरण नियमांत सार्वजनिक सीवरसाठी तेच दिलेत, मी नंतर बघितलं. इतकं नेमकं बोलणारा माणूस ऑफिसचाच वाटणार, कुणालाही वाटला असता.

सॅम्पल फी २,३५० रोख घेतली. पाणी कशात भरलं, तर आमच्याच टेबलावरच्या रिकाम्या बाटलीत. सील नाही, सही नाही. १९७४ च्या पाणी कायद्यात सरळ लिहिलंय की सॅम्पल घेताना तिथल्या तिथं नोटीस द्यायची, तुमच्यासमोर दोन भाग करायचे, सील करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. कुणी असं बाटलीत पाणी भरून न्यायला लागला तर हात धरा त्याचा. दुसऱ्या दिवशी लगेच रिपोर्ट हजर, त्यात बीओडीसुद्धा. त्या टेस्टला २७ डिग्रीला तीन दिवस लागतात! मग "कनेक्शन रेग्युलर करायचं डिपॉझिट" १२,००० आणि "अप्रूव्ह्ड" ग्रीस ट्रॅपचे १८,५००.

आणि आता जे सांगतोय ते आठवलं की रात्री झोप लागत नाही. मला कन्नड बोलता येतंय, वाचायला अडखळतोय. मुलगी आठवीत, शाळेत कन्नड आहे तिला. ती नोटीस वाचून म्हणाली, "पप्पा, यात आपल्या गावाचं नाव नाही, दुसऱ्याच गावाचं आहे." मी तिला म्हणालो, "गप बस, मोठी माणसं बोलतायत." पोरगी आत निघून गेली आणि मी क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं ते पण एका खाजगी माणसाचं, विचारलं तर म्हणे आमचा एजन्सीवाला. गिऱ्हाईक ताटकळलंय, बायको भाकरीसाठी हाका मारतेय, सील केलं तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. अशा वेळी माणूस काय करणार? केलं पेमेंट.

ट्रॅप म्हणून जो डबा आणून दिला त्याचं बाहेर जायचं तोंड वरच्या बाजूला. तेल तरंगतंय, त्यामुळे पाणी खालून काढायचं असतंय आणि तेल वर अडवायचं असतंय, यात तेलच आधी बाहेर! आमच्या गवंड्यानं बघताक्षणी सांगितलं. त्यानंच पुढं विटांचा ट्रॅप ४,२०० मध्ये बांधून दिला. गवंड्याला आधी विचारा.

तक्रारीचं तर विचारूच नका. १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला तेव्हा सहा दिवस झाले होते, पैसे त्या माणसाच्या खात्यातून निघून गेलेले (तुम्ही पहिल्या तासात करा, वाट बघू नका). सायबरवाले म्हणाले समोरासमोर फसवलंय, टाऊन पोलिसात जा. टाऊन पोलीस म्हणाले यूपीआय आहे, सायबरला जा. चार फेऱ्या मारल्या, चार वेळा खानावळ बंद ठेवली. सरकारी माणूस असल्याचं सोंग घेणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २०४, फसवणुकीचं ३१८, हे मी त्यांना सांगायचं का? नगरपालिकेत गेलो तर अर्ज मराठीत आहे म्हणून परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणे. टायपिंगला १५० गेले. घटनेच्या ३५० कलमात लिहिलंय, तक्रार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येते, आणि आम्ही काय कालपरवा इथं आलोय का? शेवटी अर्ज घेतला तर इंजिनिअर मलाच विचारतोय, "म्हणजे तुमच्याकडं ट्रॅप नव्हता तर, नोटीस काढू का?" चोर मोकळा आणि जाब मला. पोच मागितली तर उद्या या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, मी तिसऱ्या दिवशी घेतली.

पैसे फक्त ऑफिसच्या काउंटरवर किंवा बँकेत चलनानं, पावती घेऊन. दारात एक रुपया देऊ नका. कन्नड नोटीस आली तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांना वाचायला द्या आणि ती काय सांगतात ते ऐका.

परवा बस स्टँडजवळच्या चहा-भजीवाल्याकडं तसलेच दोघं येऊन गेले, सॅम्पल घेऊन गेलेत, रिपोर्ट उद्या देतो म्हणालेत. मी त्याला दुकानात बोलावून डबा दाखवला. उद्या सकाळपासून मी आणि आमचा गवंडी त्याच्याच टपरीवर बसणार आहोत.