मेटात १,००० क्लिक, ॲनालिटिक्समध्ये ५२०: कुठला आकडा कशासाठी धरायचा?

दहावीच्या निकालानंतर लातूरचा एखादा नीट-जेईईचा क्लास फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावतो. समजा, मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) ॲड्स मॅनेजरमध्ये १,००० क्लिक दिसतात, साइटवरची वर्दळ मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्समध्ये ५२० सेशन (साइटला दिलेल्या भेटी) आणि होस्टिंगच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, १,९०० नोंदी. तीनही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या दारात उभा राहून मोजतो. एजन्सीशी वाद घालण्याआधी कुणाचं दार कोणतं, ते बघा.

मेटाचं दार जाहिरातीवरच आहे. तिथल्या ‘क्लिक्स (ऑल)’ या रकान्यात लाइक, ‘आणखी वाचा’वरचा टॅप, पेजच्या नावावरचा टॅप असं सगळंच येतं. साइटशी तुलना करायला हा रकाना निरुपयोगी आहे, आणि रिपोर्टात अनेकदा नेमका तोच दाखवला जातो. ‘लिंक क्लिक्स’ त्यापेक्षा बरा, पण त्यात व्हॉट्सॲप चॅट उघडणारे आणि मेटाचा इन्स्टंट फॉर्म उघडणारे टॅपही धरले जातात. ही माणसं साइटवर येतच नाहीत, मग ॲनालिटिक्सला कशी दिसणार? साइटकडे नेणाऱ्या जाहिराती वेगळ्या काढा आणि ‘लँडिंग पेज व्ह्यूज’चा रकाना लावा. पान उघडून मेटाचा पिक्सेल (साइटवर बसवायचा मोजणीचा छोटा कोड) चालला तरच तो वाढतो, त्यामुळे पिक्सेल नीट बसवलेला हवा.

गुगल ॲनालिटिक्स ४ चं दार पानाच्या आत आहे. पान उघडलं, स्क्रिप्ट चालली, तर नोंद. उदगीर-अहमदपूरकडच्या एखाद्या गावात रेंज कमी असेल आणि ४ एमबीचं बॅनर उघडेपर्यंत पालक मागे फिरला, तर मेटात क्लिक पडला, इथे काहीच नाही. एकाच माणसाने पंधरा मिनिटांत तीनदा टॅप केलं तर तिकडे तीन क्लिक, इथे बहुतेक एकच सेशन. ३० मिनिटं हालचाल नसली की मगच नवं सेशन धरतात. ॲड ब्लॉकर आणि कुकीला दिलेला नकार यांचीही घट असते. लिंक क्लिक आणि सेशन यांत १०-२० टक्क्यांचा फरक असेल तर आम्ही त्यामागे लागणार नाही. निम्मे गायब असतील तर मात्र बिघाड शोधायलाच हवा.

तो शोधायचा क्रम असा. आधी टाइम झोन. ॲनालिटिक्सची प्रॉपर्टी (साइटचं तिथलं खातं) उघडताना तो बदलला नसेल तर अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहू शकतो. मग जूनमध्ये त्याचा दिवस आपल्या दुपारी साडेबाराला सुरू होतो आणि सकाळी दहाचे क्लिक आदल्या दिवशी जमा होतात. मेटाच्या खात्याचाही झोन तपासा. नंतर निदान दोन दिवस जुनी तारीख घ्या. ॲनालिटिक्सचे आकडे स्थिरावायला २४ ते ४८ तास जातात. मग जाहिरातीतली लिंक फोनवर उघडा आणि पान आल्यावर पत्त्यात यूटीएमचा भाग (कोणत्या जाहिरातीवरून माणूस आला ते सांगणारी पत्त्यामागची जोड) शिल्लक आहे का ते पाहा. साइट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेल्या पत्त्यावरून नसलेल्यावर वळवताना हा भाग गळून पडतो, असा बिघाड वारंवार सापडतो. तेव्हा माणसं येतात, पण ‘डायरेक्ट’च्या, म्हणजे कुठून आले ते न कळलेल्यांच्या खात्यात किंवा नुसत्या फेसबुक रेफरलमध्ये (फेसबुकवरून आले, जाहिरात कोणती ते माहीत नाही) जाऊन बसतात. यूटीएममध्ये इंग्रजीत एकदा ‘Facebook’ आणि एकदा ‘facebook’ लिहिलं तर दोन वेगळ्या ओळी पडतात, हेही लक्षात ठेवा. उलट ॲनालिटिक्समध्ये पेज व्ह्यू दुप्पट दिसले, तर टॅग (ॲनालिटिक्सचा कोड) दोनदा बसलाय का बघा: एकदा साइटच्या थीममध्ये, एकदा गुगलच्या टॅग मॅनेजरमधून. गुगलचं टॅग असिस्टंट हे तपासणीचं साधन उघडलं की लगेच कळतं.

गुगल ॲड्सचं प्रकरण सोपं आहे. ऑटो-टॅगिंग चालू ठेवा, म्हणजे गुगल प्रत्येक क्लिकच्या पत्त्याला जीसीएलआयडी ही खूण आपोआप जोडतं. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवताना ती खूण टिकते ना, ते पाहा. गुगल अमान्य क्लिक वजा करतं आणि त्यांचे पैसे घेत नाही, तरी त्यातली काही सेशन ॲनालिटिक्समध्ये राहू शकतात. तिथे ॲनालिटिक्सचा आकडा वर गेला तर घाबरू नका.

छोटी लिंक (लांब पत्त्याकडे वळवणारा छोटा पत्ता) आणि सर्व्हर लॉग दारापर्यंत आलेला प्रत्येक जण मोजतात, यंत्रंसुद्धा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकताना खाली चित्र आणि शीर्षक येतं, ते आणायला ॲप स्वतःच पान मागवतं. फेसबुक आणि गुगलचे बॉटही जाहिरातीचं पान तपासायला येतात. त्यामुळे लॉगमधल्या १,९०० नोंदी म्हणजे १,९०० पालक नव्हेत. आयपी मोजून माणसं काढायलाही जाऊ नका. मोबाइल नेटवर्कवर अनेकांचा आयपी एकच असतो. लॉगची खरी किंमत वादात कळते: त्या वेळी साइट चालू होती का, विनंती आली का, ५०० ची चूक (सर्व्हरमधला बिघाड सांगणारा कोड) गेली का. होस्टिंग सांभाळायला सीपॅनेल असेल तर ‘रॉ ॲक्सेस’मध्ये लॉग साठवून ठेवण्याची खूण आजच करा. नाहीतर हवा तेव्हा जुना लॉग सापडत नाही.

तेव्हा बिल तपासायला मेटा किंवा गुगल ॲड्सचाच आकडा धरा, कारण पैसे त्यांच्याच मोजणीवर कापले जातात; मेटात मात्र बहुतेक वेळा क्लिकवर नव्हे, जाहिरात किती वेळा दिसली त्यावर. पान मंद आहे का, हे लिंक क्लिक आणि लँडिंग पेज व्ह्यूजमधला फरक सांगतो. कुठल्या जाहिरातीवर पुढचा पैसा लावायचा, यासाठी ॲनालिटिक्समध्ये नोंदवलेले फॉर्म आणि कॉल-बटणावरचे टॅप बघा आणि ते रजिस्टरमधल्या प्रवेशांशी पडताळा. फॉर्मची तुलना करताना एक फरक सांभाळा: एकच फॉर्म मेटा आणि ॲनालिटिक्स वेगवेगळ्या दिवशी जमा करू शकतात. म्हणून रोजची नव्हे, आठवड्याची बेरीज जुळवा. महिना-दीड महिना एवढं नीट सांभाळलंत, तर पैसे देऊन घ्यायचं आणखी एखादं ट्रॅकिंग साधन बहुतेक क्लासना लागत नाही.

पत्रकावरच्या क्यूआरला मात्र छोटी लिंक हवीच, आणि ती स्वतःच्या डोमेनवर. दुसऱ्या कंपनीचा बदलता क्यूआर (छापल्यानंतरही आतली लिंक बदलता येते असा) घेतला आणि वर्गणी संपली, तर छापलेली ५,००० पत्रकं वाया जाऊ शकतात. नांदेड, परळी, उदगीर या प्रत्येक गावासाठी वेगळी लिंक करा. छपाईला देण्याआधी प्रूफवरचा क्यूआर दोन-तीन फोनवरून स्कॅन करा आणि ॲनालिटिक्सच्या रिअलटाइम रिपोर्टात, जिथे आत्ता साइटवर असलेले दिसतात, बरोबर त्याच गावाचं कॅम्पेन दिसलं, तरच मशीन सुरू करायला सांगा.