"मावशी, दागिने काढून पर्समध्ये ठेवा"

गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास दादरला रानडे रोडवरून आतल्या गल्लीत वळले आणि पाच मिनिटांत माझ्या दोन पाटल्या आणि मंगळसूत्र गेलं. कोणी हिसकावलं नाही. मी स्वतःच्या हाताने काढून दिलं. हे लिहायला बसायलाच मला तीन आठवडे लागले. पण माझ्या वयाच्या बायकांनी आणि त्यांच्या मुला-सुनांनी हे वाचावं असं फार वाटतं, म्हणून घडलं तसं सांगते.

हातात भाजीची पिशवी होती. मागून आवाज आला, "ओ मावशी, साहेब कधीचे हाका मारतायत, ऐकू येत नाही का?" चाळिशीचा माणूस, केस बारीक कापलेले, पायात तपकिरी बूट. पुढे झाडाखाली 'साहेब' मोटरसायकलला टेकून उभे. त्यांनी ओळखपत्र उघडलं आणि मिटलं. "काल रात्री पलीकडच्या गल्लीत एका बाईला चाकू मारून दागिने नेलेत. आम्ही सकाळपासून चेकिंगला उभे आहोत, आणि तुम्ही एवढं सोनं अंगावर घालून निघालात?"

माझ्या पोटात गोळाच आला. तेवढ्यात गळ्यात चेन घातलेला एक तरुण समोरून आला. साहेबांनी त्यालाही थांबवलं, चांगलं झापलं. त्याने मुकाट्याने चेन काढून दिली, साहेबांनी ती कागदात बांधून त्याच्याच खिशात ठेवली आणि तो "थँक यू साहेब" म्हणून निघूनही गेला. मनात जी काही शंका होती ती तिथे संपली. तो पोरगा त्यांच्यातलाच होता, हे मला पोलीस ठाण्यात कळलं.

मंगळसूत्र लगेच निघालं. पाटल्या निघेनात. आईच्या पाटल्या, चार तोळ्यांच्या, कित्येक वर्षं हातातून उतरल्या नव्हत्या. डावी पाटली अंगठ्याच्या हाडाशी अडली तेव्हा तो माणूस म्हणाला, "सावकाश मावशी, घाई नाही, हाताला लागेल." मुलगा बोलेल तसं बोलला. सगळ्यात जास्त तेच वाक्य आठवतं.

माझ्या डोळ्यांदेखत त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधली, वर रबरबँड लावला, पुडी पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन स्वतः ओढली. "घरी जाईपर्यंत उघडू नका, कोण बघत असेल सांगता येत नाही." घरी येऊन पुडी सोडली. आत पितळी रंगाच्या दोन बांगड्या आणि तीन खडे. पुडीचं वजनसुद्धा बरोबर जुळवलेलं होतं.

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच कॅश काउंटरवर. खोटी नोट बोटांना कळायची. तरीही फसले, कारण त्यांनी लोभ दाखवला नाही. लोभाला मी हललेच नसते. त्यांनी गुन्ह्याचीच भीती घातली आणि वर माझी काळजीही केली. मुंबईत राहायचं तर सावध राहावं, पोलिसांचं ऐकावं, हे जे आपण लहानपणापासून शिकलो, तेच त्यांनी वापरलं. या हातचलाखीला पोलीस 'बोलबच्चन' म्हणतात. प्रकार जुना आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशकातही चालतो. गाठतात ते सकाळी फिरायला, देवळात किंवा बाजारात एकट्याने निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना.

एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांना आजच सांगा. रस्त्यात अडवून दागिने उतरवायला लावणं आणि ते पुडीत बांधून देणं हे पोलिसांचं काम नाही. असं कोणी सांगितलं, तर गणवेश असो वा नसो, दागिन्याला हात लावायचा नाही. "चला, समोरच्या दुकानात बसून बोलू" म्हणायचं आणि चालू लागायचं. ११२ फिरवायचा. खरा पोलीस असेल तर त्याला याचा राग येण्याचं कारण नाही. आणि समोरचा दुसरा कोणी दागिने काढून देत असेल, तर तेवढ्यावरून विश्वास ठेवायचा नाही.

मी दोन तास पुडी मांडीवर घेऊन बसून होते. तक्रार नकोच, लोक काय म्हणतील, असं ठरवलंही होतं. सूनबाईने हाताला धरून ठाण्यात नेलं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पुडी कागदासकट ठेवून घेतली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) आणि २०४ खाली गुन्हा नोंदवला. पहिलं फसवणुकीचं, ज्याला आपण चारशेवीस म्हणत आलो. दुसरं तोतयेगिरीचं. एफआयआरची प्रत विनाशुल्क मिळते, ती मागून घ्या. दागिन्यांच्या जुन्या पावत्या आणि अंगावर दागिने दिसतील असे फोटो हाताशी ठेवा. माझ्याकडे पावती नव्हती. भाचीच्या लग्नातला फोटो कामी आला.

मुंबई सुरक्षित शहर, असं आम्ही बाहेरगावच्या नातेवाइकांना अभिमानाने सांगतो, आणि रात्री उशिराच्या लोकलने घरी आलेली मी तरी ते नाकारणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर लाख लोकसंख्येमागे गुन्ह्यांचा दर काढतो. १९ महानगरांचे आकडे वेगळे देतो, त्यात आपली मुंबई, पुणे, नागपूर आहेत. पण तो दर नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो. मी त्या दिवशी घरीच बसले असते, तर माझ्या पाटल्या त्यात कुठेच नसत्या.

माझी बातमी इमारतीत पसरली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनी दुपारी आल्या. दार लावून घेतलं आणि मगच बोलल्या. दोन वर्षांपूर्वी, त्याच रस्त्यावर, तशीच पुडी. मुलांना त्यांनी आजवर सांगितलं होतं की बांगड्या लॉकरमध्ये आहेत. दिवाळीला मुलगी "आई, या वर्षी तरी काढ" म्हणाली, तेव्हा हात सुजतो असं कारण दिलं. ते सांगताना त्या हुंदके देत होत्या, आणि मला कळेना की मी त्यांना धरू की स्वतःला.

परवा आम्ही दोघी ठाण्यात जाऊन त्यांचीही फिर्याद देऊन आलो.