‘क्लच प्लेट गेली’ म्हणून ११,५०० घेतले, गिअरबॉक्स उतरवलाच नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात चार-पाच वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

माझी पेट्रोल हॅचबॅक, ५२ हजार किलोमीटर झालेली. आधी रिव्हर्स टाकताना कर्र आवाज यायला लागला, मग पहिला गिअरही पडेना. क्लचचं पेडल मऊ झालं होतं. पण तेच पेडल दोन-तीनदा भराभर दाबलं की गिअर मुकाट पडायचा. सगळी गोम इथंच होती.

शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. मिस्त्री एक चक्कर मारून आला.

“काका, प्लेट संपली की हो. गोव्याला जाऊन येऊन असता काय?”

“जातो की, चोर्ला घाटातनं.”

“मग झालं तर. चढाला हाफ क्लचवर धरून ठेवता तुम्ही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, पुरा सेटच घालून टाकूया.”

ऐकायला हे पटण्यासारखं आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. क्लच प्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती. हाफ क्लचने, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवल्याने, ती झिजते. पण ती झिजली की गाडी काय करते ते निराळं. चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, आरपीएम चढतो आणि गाडी काही वेग घेत नाही. जळका वास येतो. गिअर मात्र बहुतेक वेळा नीट पडत असतो. पेडल दाबूनही गिअर पडत नसेल, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. हायड्रॉलिक क्लच (पेडलचा दाब ऑइलमधून पोचवणारा) असेल तर ऑइल गळतंय किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे का, ते आधी बघायचं. केबलचा असेल तर केबल. पंप केल्यावर गिअर पडतो म्हणजे तर संशय सरळ हायड्रॉलिकवरच. क्लच घसरतो की सुटत नाही, हे दोन आजार वेगळे, आणि गिऱ्हाइकाला ते एकच वाटतात त्यावर यांचा धंदा चालतो.

सकाळी सोडलेली गाडी संध्याकाळी मिळाली. गिअर लोण्यासारखे पडत होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी प्लेट त्याने स्वतःहून हातात दिली. काळीठिक्कर, रिवेट उघडे पडलेले. “बघा, कशी खाल्लीय!” साध्या स्लिपवर आकडा लिहिला, ११,५००. जीएसटीचं बिल मागितलं तर “त्याला आणखी वर पडतंय बघा” म्हणाला.

काही आठवड्यांत पुन्हा तेच. रिव्हर्सला कर्र. या वेळी गाडी जांबोटी रस्त्यावर अडली, म्हणून खानापुरातल्या एका मिस्त्रीकडे नेली. हुबळीकडचा माणूस, मराठी मोडकंतोडकं. फसवणाऱ्याची मराठी मात्र अगदी घरच्यासारखी होती, एवढं सांगून पुढं जातो.

त्याने बॉनेट उघडून आधी क्लचच्या ऑइलची टाकी बघितली, पातळी खाली गेलेली. मग गाडी खड्ड्यावर घेतली आणि मला खाली बोलावून टॉर्च मारला. गिअरबॉक्स इंजिनला जिथं जोडतो तिथल्या बोल्टांवर घाटातली तांबडी माती वाळून घट्ट बसलेली, तिच्याखाली गंज. एकाही बोल्टच्या कडेवर पान्याचा ओरखडा नाही. गिअर ऑइल काढायच्या ड्रेन प्लगवरही तोच थर. माझ्या गाडीत प्लेट बदलायची तर चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात, ऑइल सांडतं, गिअरबॉक्स खाली येतो. बाहेरून हात घालून होणारं हे काम नव्हे. शेजारी बाहेरच्या बाजूला बसवलेला स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) मात्र ओला होता.

डिकीत पडलेली ती ‘जुनी प्लेट’ मी काढून दिली. त्याच्याकडे माझ्याच मॉडेलची एक प्लेट होती. ती वर ठेवली तर खालची सगळीकडून बोटभर बाहेर. कुठल्या तरी पिकअपची असणार, असं तो म्हणाला. बहुतेक ही प्लेट गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाला दाखवत असणार, मला का दिली देव जाणे!

पहिल्या गॅरेजवाल्याने केलं असणार एवढंच: टाकीत ऑइल भरलं, हवा काढली. गळती तशीच, म्हणून काही आठवडे चाललं. खानापूरच्या मिस्त्रीने सिलिंडरचं सील बदललं, मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं.

प्लेटची तपासणी त्याने समोरच केली. तीही करून घ्या, पण प्लेट तापते म्हणून सारखी करू नका. सपाट जागा, पुढं कोणी नाही, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. इंजिन चालू, चौथा गिअर, आणि क्लचचं पेडल हळूहळू सोडायचं. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. माझं तिथल्या तिथं बंद पडलं.

क्लच किती किलोमीटर टिकतो याला एक उत्तर नाही. हात बरा असेल तर लाखाच्या पुढंही जातो, वाईट असेल तर ३०-४० हजारांत संपतो. प्लेट झिजते ती फक्त घसरताना. हायवेला निपाणीपर्यंत टॉप गिअरमध्ये गेलात तर जवळजवळ काहीच झिजत नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर इंच-इंच सरकताना, उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगताना जास्त झिजते. घाटही दुसऱ्या गिअरवर क्लचवरचा पाय काढून चढलात तर तेवढा खात नाही. पुढचा ट्रक थांबल्यावर हँडब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरली की खातो. पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवय प्लेट आणि बेअरिंग दोन्हींना लागते.

कोणी ‘पुरा सेट’ म्हणालं तर गिअरबॉक्स खाली घेतल्यावर फोन करायला सांगा आणि जाऊन बघा. जुनी प्लेट नव्या प्लेटवर ठेवून मापाची आहे का बघा. बिलावर जीएसटी नंबर हवा. कर्नाटकातला २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, म्हणजे चंदगडहून बेळगावात गाडी दुरुस्तीला आणणाऱ्याला कोल्हापुरात दाद मागता येईल. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मी बेळगावच्या आयोगात अर्ज दिलाय. सोबत ती स्लिप, मातीने भरलेल्या बोल्टांचे फोटो आणि खानापूरच्या मिस्त्रीची पावती जोडली आहे.