तळघरातून उपग्रहाला मेसेज

ट्रेकिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एका डब्याची जाहिरात फिरतेय. मुठीत मावेल एवढा, वर लाल बटण, मागे सॅकला अडकवायला कडी. ‘नेटवर्क नसलं तरी मदत येणारच’, ‘इस्रोच्या नाविक उपग्रहांवर चालणारं सॅटेलाइट एसओएस’, ‘भारतात शंभर टक्के कायदेशीर’. (नाविक म्हणजे आपलं देशी जीपीएस.) आमच्या ग्रुपनं तो घेतला. डब्याचे साडेअठरा हजार आणि वर्षाच्या ‘सॅटेलाइट प्लॅन’चे वेगळे चार हजार. त्यात उपग्रहाकडे निरोप पाठवणारं काहीही नाही. टॅक्सी-बसला लावतात तो ट्रॅकर आहे, मोबाइलच्या सिमवर चालणारा. घाईत असाल तर इथंच थांबलात तरी चालेल. आम्हाला कसं गुंडाळलं ते पुढे सविस्तर लिहितोय.

आम्हाला भाबा पास करायचा होता. किन्नौरमधल्या काफनूहून निघून स्पितीतल्या मुद गावात उतरणारी वाट, खिंड साधारण 4,900 मीटरवर. मधले सगळे दिवस फोन म्हणजे नुसता कॅमेरा. ग्रुपमध्ये पन्नाशी ओलांडलेले दोघं, त्यातल्या एकाला बीपीची गोळी. घरच्यांची एकच अट होती : काही झालं तर कळवायची सोय करा, मग जा.

पहिला विचार अर्थातच गार्मिन कंपनीच्या इनरीचचा, म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या हातातल्या यंत्राचा. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणाला, “मामा, येताना घेऊन येतो, इकडे सगळे हायकर वापरतात.” त्याला नको म्हटलं. इनरीच इरिडियम या परदेशी कंपनीच्या उपग्रहांवर चालतं, आणि सरकारच्या परवानगीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. आधी 1885 च्या तार कायद्याखाली आणि 1933 च्या वायरलेस कायद्याखाली पकडायचे, आता 2023 चा दूरसंचार कायदा आलाय. 2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी सॅटेलाइट फोन वापरले होते, तेव्हापासून ही पकड जास्तच घट्ट झाली. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांच्या सामानात इनरीच सापडलं तर त्यांना थांबवून पोलीस, कोर्ट, दंड सगळं झालं. त्यांच्या देशात हे यंत्र कुठल्याही दुकानात मिळतं, इथं ते गुन्ह्यात मोडतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. डोंगरात जाणाऱ्यांसाठी सरकारनं काहीतरी सुटसुटीत परवाना काढायला हवा असं माझं मत आहे, पण ते मत कस्टम्सच्या काउंटरवर सांगून उपयोग नाही.

म्हणजे गरज खरी, आणि खरी वस्तू घेता येत नाही. ठगांना याहून सुपीक जमीन कुठली?

आम्हाला भेटलेला विक्रेता या जमिनीत चांगला मुरलेला होता. गार्मिनचं नाव काढताच त्यानंच आम्हाला कायदा समजावला, तोही बिनचूक. मग म्हणाला, “सर, बंदी परदेशी उपग्रहांना आहे. आपलं नाविक आहे ना, इस्रोचं.” मोबाइलवर एक बातमी दाखवली : इस्रोनं मच्छीमारांसाठी काढलेलं आपत्ती-सूचक यंत्र, बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला निरोप. बातमी खरीच आहे. ते यंत्र 2010 पासून वापरात आहे, त्याची सुधारित आवृत्ती 2024 च्या जानेवारीत आली, आणि तिच्यात ‘तुमचा निरोप पोचला’ अशी पोचही बोटीवर परत येते. “तेच तंत्रज्ञान सर, फक्त डोंगरासाठी.” इथं तो साफ खोटं बोलला. मच्छीमारांचं यंत्र वेगळं, हा डबा वेगळा, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे इस्रोचं नाव. डब्यावर मात्र ‘नाविक’ छापलेलं होतं आणि तेही खोटं नव्हतं, कारण आतली चिप नाविकचे सिग्नल खरंच घेते.

घेते, देत नाही. सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून नीट सांगतो. जीपीएस काय किंवा नाविक काय, त्यांचे उपग्रह वरून वेळ आणि आपापली जागा यांचे संकेत सतत सोडत असतात. आपल्या हातातलं यंत्र ते नुसतं ऐकतं आणि गणित करून आपण कुठे आहोत ते काढतं. घरच्या रेडिओवर आकाशवाणी लागते म्हणून त्या रेडिओतून आकाशवाणीला उलट काही सांगता येत नाही, तसंच हे. आपली जागा कळणं आणि ती दुसऱ्याला कळवणं ही दोन वेगळी कामं. दुसऱ्या कामाला वरच्या दिशेनं निरोप पाठवणारं वेगळं यंत्र आणि तो झेलणारे वेगळे उपग्रह लागतात. इरिडियमचे तसे 66 उपग्रह साधारण 780 किलोमीटरवरून फिरत असतात, इनमारसॅट या दुसऱ्या कंपनीचे विषुववृत्तावर जवळपास 36,000 किलोमीटरवर एकाच जागी टांगलेले असतात. आमच्या डब्याच्या ओळखीचं त्यातलं कुणीच नव्हतं.

आता दुकानातलं प्रात्यक्षिक. दुकान एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात. त्यानं मला फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावला, “बघा सर, नेटवर्क बंद.” मग डब्याचं लाल बटण दाबून धरलं. बीप वाजला, निळा दिवा लुकलुकला, आणि मिनिटाभरात काउंटरवरच्या लॅपटॉपवर ‘आणीबाणी’ असा लाल पट्टा आणि नकाशावर टाचणी. आमच्यातल्या दोघांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. नेटवर्क बंद होतं ते माझ्या फोनचं, डब्याचं सिम मजेत चालू होतं. आणि डोक्यावर चार मजल्यांचे स्लॅब असताना मेसेज गेला, तिथंच खरी गोम होती. उपग्रहाशी बोलणाऱ्या यंत्राला मोकळं आभाळ लागतं. खरं सॅटेलाइट यंत्र त्या तळघरात हमखास फेल गेलं असतं! टाचणीसुद्धा दुकानावर न पडता समोरच्या रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर पडली होती. तळघरात जीपीएस लागत नाही, मग डबा जवळच्या मोबाइल टॉवरवरून अंदाजे जागा ठोकून देतो. विक्रेता म्हणाला, “तेवढं मागेपुढे होतं सर, उपग्रह किती लांब आहे!”

भाबाला नेण्याआधी सह्याद्रीत बघून घेऊ म्हणून कुमशेतकडे गेलो. वरच्या पठारावर एकाही कंपनीची एक काडी येत नाही अशी जागा गाठली. आभाळ स्वच्छ, आडोसा काही नाही. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, म्हणजे जागा सापडली. निळा लुकलुकत राहिला आणि मग विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. उतरून जीपनं राजूरला आलो, मिसळ सांगितली, तेवढ्यात घरून फोन सुरू झाले. वर दाबलेली सगळी एसओएस डब्यानं पोटात साठवून ठेवली होती, आणि राजूरचं नेटवर्क मिळताच एकामागून एक घरच्यांच्या फोनवर सोडली होती. माझ्या बायकोच्या फोनवर ‘आणीबाणी, मदत हवी’ आणि खाली कुमशेतच्या पठाराची अचूक जागा. चाचणी करणार हे तिला सांगितलं होतं, पण ती सकाळीच होणार होती. दुपारी आलेला मेसेज तिनं खराच धरला. तिला समजावताना माझी जी तारांबळ उडाली ती उडालीच, पण खरंच कुणी पडला असता तर हा निरोप कधी निघाला असता? त्याला उचलून आम्ही रेंजमध्ये आणल्यावर.

ग्रुपमधल्या एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यानं चार स्क्रू काढून डबा उघडला. आत एक चौकोनी, फिकट रंगाची, बिस्किटासारखी चिनी मातीची चकती, ती जीपीएसचा अँटेना. तिच्याशेजारी मोबाइलचं मोड्यूल, त्याला चिकटपट्टीसारखा पातळ अँटेना, आणि कंपनीच्या स्टिकरखाली दडवलेलं सिम. “हा तर टॅक्सीचा ट्रॅकर आहे,” तो म्हणाला. “हे लाल बटण पण तिकडचंच.” प्रवासी गाड्यांना सरकारी नियमानं जो ट्रॅकर आणि पॅनिक बटण लावावं लागतं, त्याचंच हे नवं कव्हर. डब्यावर आयएमईआय नंबर (प्रत्येक मोबाइलला असतो तो ओळख क्रमांक) आहे, म्हणजे मोबाइलचंच यंत्र असणार, असा शोध मी लावला होता. त्यात तथ्य नाही. इरिडियमच्या यंत्रांनाही आयएमईआय असतो, तेव्हा त्यावरून काहीच ठरवू नका.

मग बिल काढून पाहिलं. तोंडानं चार वेळा ‘सॅटेलाइट’ म्हणणाऱ्या माणसानं बिलावर लिहिलं होतं ‘व्हेईकल ट्रॅकिंग डिव्हाइस’. प्लॅनच्या पावतीवर ‘डेटा सेवा, वार्षिक’.

फोन केला तर आधी “ढग असतील सर”. मग “फर्मवेअर अपडेट पाठवतो”. मग “व्हॅलीत होतात का? व्हॅलीत प्रॉब्लेम येतो”. पैसे परत मागितल्यावर सूर बदलला : “सर, तुम्ही सॅटेलाइट फोन शोधत होतात, तुमचे चॅट आहेत माझ्याकडे. तक्रार केलीत तर तुमचीच चौकशी होईल.” माझ्या मते हा त्याचा खरा धंदा. कायद्याची भीती आधी विकायची, माल नंतर, आणि गिऱ्हाईक परत आलं की पुन्हा तीच भीती. या दमबाजीला अजिबात बधू नका. अशा यंत्राची चौकशी करणं हा गुन्हा नाही. तुमच्या हातात पडलेला डबा तर साधा ट्रॅकर आहे, त्याला कसला परवाना? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे प्लॅनचे चार हजार मुकाट्यानं परत आले. डब्याच्या पैशांसाठी ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ग्राहक आयोगात गेलोय, तारीख पडायची आहे. तिथं बिलावरच्या शब्दांपेक्षा त्याचे व्हॉट्सॲप मेसेज आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट कामाला येतील असं वकील म्हणतात. जाहिरात आता त्यानं काढून टाकलीय, स्क्रीनशॉट मात्र आमच्याकडे आहेत.

भाबा पास आम्ही केला. काफनूत एक जादा माणूस बरोबर घेतला, काही झालं तर उलट पावली खाली धावत जाऊन निरोप देणारा. जुनी रीत, पण तिला सिम लागत नाही.

ज्यांना उपग्रहाची सोय हवीच आहे त्यांच्यासाठी सरळ रस्ता एकच दिसतो : बीएसएनएलमार्फत मिळणारा इनमारसॅटचा फोन, सरकारी परवानगीसह. एकट्यादुकट्याला ते महागात आणि खटपटीचं जातं, म्हणून ट्रेक नेणाऱ्या एजन्सीला विचारा की तुमच्याकडे असा फोन आहे का. ‘आहे’ म्हणाले तर परवानगीचा कागद बघायला मागा. कागद दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडे बहुधा चोरून आणलेला फोन असतो, आणि चेकपोस्टवर तो सापडला तर पंचाईत अख्ख्या ग्रुपची. नव्या आयफोनमध्ये उपग्रहावरून एसओएस आहे म्हणून कुणी निर्धास्त असेल, तर ती सेवा भारतात सुरू नाही. 112 हा आणीबाणीचा नंबर मात्र लक्षात ठेवा : तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं नेटवर्क असेल तर तो लागू शकतो. कुणाचंच नसेल तर तोही नाही.

विक्रेत्याला विचारायला एक प्रश्न पुरतो : बटण दाबल्यावर पलीकडे कोण उचलतं? इनरीचचं एसओएस गार्मिनच्या टेक्सासमधल्या केंद्रात जातं, तिथं चोवीस तास माणसं बसलेली असतात. मच्छीमारांचं इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रातून तटरक्षक दलाकडे जातं. आमचा विक्रेता म्हणाला होता, ‘राष्ट्रीय नियंत्रण कक्षात’. जात होतं ते आम्हीच भरून दिलेल्या तीन नंबरांवर.

आणि असा डबा आधीच घेऊन बसला असाल तर घरच्या घरी तपासा. लिफ्टजवळ किंवा आतल्या खोलीत जा, जिथं मोबाइलला रेंज आहे पण आभाळ दिसत नाही. घरच्यांना आधी नीट सांगून बटण दाबा. मेसेज लगेच गेला तर तो सिमवरूनच गेलाय. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, बिल आणि चॅट जपून ठेवा आणि परतीची मुदत संपायच्या आत 1915 ला फोन करा.